गोळी विरघळेपर्यंत

मुकादम मॅडमनी माझी नोकरीची मुलाखत घेतली ती माझ्या तोंडात खडीसाखर घालून. पनवेलच्या बाजारामागे तळ्याकडे जाणारी एक गल्ली आहे. तिथे व्यसनाच्या उपचारांवरच्या एका संशोधनाचं केंद्र सुरू व्हायचं होतं आणि औषधं द्यायला माणूस हवा होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून, प्रमाणपत्रांची फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो. मॅडमनी फाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. पर्समधून एक पुडी काढली, त्यातला खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "जिभेखाली ठेवा. चावायचा नाही, गिळायचा नाही, बोलायचं नाही. विरघळला की सांगा."

मी ठेवला. पंख्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या पालीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. थोड्या वेळाने खोलीत कडकन आवाज झाला. तो माझ्या दाढेचा होता.

"चावलात?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"बघा, तुम्ही शिकलेले आहात, वस्तू गोड आहे, वर नोकरी हवी म्हणून आला आहात. तरी जमलं नाही. आपले पेशंट जी गोळी ठेवणार आहेत ती कडू आहे."

नोकरी गेली असं समजून मी फाईल आवरायला लागलो, तर त्यांनी सोमवारपासून या म्हणून सांगितलं. पुढे कधीतरी मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या की निम्मे उमेदवार चावून टाकतात आणि विरघळला म्हणून सांगतात. त्या दिवसापासून त्या मला 'फार्मसी' म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी फक्त कागदावर वापरलं.

मॅडम केंद्राच्या डॉक्टर होत्या, अंगाने ठेंगण्या. डोक्यावर ओढणी, ती सदा घसरलेली. पावसाळा असो नसो, हातात छत्री. वडिलांचं पनवेलच्या बाजारात जाळी आणि दोरखंडाचं दुकान होतं, दोघे भाऊ कुवेतला. घरात त्या कोकणी बोलत, पेशंटशी मराठी, आणि चिडल्या की उर्दू. त्यांचं उर्दू मी फार थोड्या वेळा ऐकलं. त्यांना चिडायला सवडच नसायची, कारण प्रत्येक गोष्टीचं त्यांना आधी नवल वाटायचं. दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता अशा ठिकाणी त्या खुर्ची पुढे ओढायच्या.

आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. पावडर म्हणजे ब्राऊन शुगर. तिच्या नादी लागलेल्या माणसाला ती मिळाली नाही की अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, पोटात पीळ पडतो, झोप उडते. आमची गोळी अफूच्याच गोतातली. ती दिली की हे सगळं थांबतं, तलफ बसते, पण झिंग चढत नाही. माणूस जेवतो, झोपतो, कामाला जातो. मात्र ती जिभेखालीच विरघळायला हवी, पोटात गेली की बहुतेक वाया जाते. आणि ती वर्षानुवर्षंही घ्यावी लागते. हे ऐकलं की लोक नाक मुरडायचे, म्हणायचे, मग एक व्यसन सोडवून दुसरं लावलंत की. मॅडम वाद घालत नसत. समोरच्याला विचारत, "तुमच्या वडिलांची रक्तदाबाची गोळी कधी सुटणार?" आणि उत्तराची खरोखर वाट पाहत बसत.

आता संशोधन कशाचं, तर विश्वासाचं. कागदावर त्याला मोठं नाव होतं, पण मॅडम असंच म्हणायच्या. ही गोळी बाजारात विकली जाऊ शकते, म्हणून सहसा ती रोज केंद्रात, सिस्टरच्या डोळ्यांसमोर घ्यायला लावतात. पण बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवणारा माणूस रोज पनवेलला कसा येणार? एक तर नोकरी सोडेल, नाहीतर गोळी. मॅडमना बघायचं होतं की काही दिवस रोज येऊन जम बसला, की आठवड्याच्या गोळ्या घरी देऊन चालतं का. वर मुंबईच्या डॉक्टरांची एक समिती होती. तिचा नियम साधा होता. लघवीच्या चाचणीत, म्हणजे आमच्या भाषेत पट्टीवर, आमच्या गोळीचा मागमूस लागोपाठ दोनदा दिसला नाही, तर माणूस गोळ्या विकतोय असं धरायचं आणि त्याला काढून टाकायचं.

मॅडमच्या कुतूहलाचा पहिला फटका मला आपटा गावात बसला. कोणीतरी त्यांना सांगितलं की आपट्यात एकजण आहे, त्याने पावडर आपली आपण सोडली, औषध नाही, डॉक्टर नाही. झालं, रविवारी सकाळी माझ्या स्कूटरवर मागे छत्री घेऊन त्या बसल्या. मी करंजाड्याला राहतो आणि रविवारी अकरापर्यंत झोपतो, ही माझी वैयक्तिक बाब होती. पाताळगंगेच्या काठाला त्या माणसाची पिठाची गिरणी निघाली. गिरणी चालू, बायकांची रांग लागलेली, काही ऐकू येईना. मॅडम म्हणाल्या थांबू. शेवटचा डबा दळून होईपर्यंत आम्ही उभे राहिलो आणि दोघेही पिठाने पांढरे झालो. मग त्यांनी त्याला विचारलं, कशी सोडली? तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला आणि म्हणाला, "कंटाला आला."

मी हिरमुसलो. मॅडम मात्र परतीच्या वाटेवर माझ्या कानाशी ओरडून बोलत होत्या, "फार्मसी, कंटाळा! कंटाळ्यावर कुणी संशोधन केलंय का हो?" पुढे आठवडाभर त्या प्रत्येक पेशंटला पावडरीचा कधी कंटाळा आला होता का, असं विचारत होत्या. आश्चर्य म्हणजे बहुतेकांना आला होता, फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं.

एकदा पैसे देणाऱ्या संस्थेकडून एक बाई केंद्र बघायला आल्या. सगळं पाहून झाल्यावर त्यांनी मॅडमचा हात हातात घेतला, आवाज मऊ केला आणि विचारलं, तुमच्या घरातलं कोण होतं? हा प्रश्न आमच्याही मनात होता. आमच्या नर्स सिस्टर डिसूझांचा अंदाज थोरल्या भावावर होता, माझा धाकट्यावर. मॅडम म्हणाल्या, "कोणी नाही हो. आमच्याकडे चहासुद्धा पातळ पितात. मला हे कळत नव्हतं म्हणून मी या विषयात आले. कळलं असतं तर डोळ्यांची डॉक्टर झाले असते."

त्या बाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या अहवालातला एक चांगला परिच्छेद गेला.

केंद्रातली सकाळ बघण्यासारखी असे. भिंतीकडेला बाकं, बाकांवर माणसं. माझ्या खिडकीतून गोळी घ्यायची, सिस्टरना वेष्टन उघडून दाखवायची, जिभेखाली ठेवायची आणि बसून राहायचं. पाच-दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, कारण बोललं की लाळ सुटते आणि गोळी घशात उतरते. भिंतीवर जुन्या दवाखान्याच्या काळापासून रंगवलेली 'येथे थुंकू नये' अशी पाटी होती आणि तिच्या खाली सिस्टर डिसूझा. पाटीचा शब्द एकवेळ कुणी मोडला असता, सिस्टरचा मोडायची छाती नव्हती.

या मौनात मॅडम येऊन बसायच्या. टेबलामागे नाही, बाकावर, पेशंटच्या मध्ये. पहिल्या दिवशी त्यांनीही जिभेखाली खडीसाखर ठेवली होती, सोबत म्हणून. पण गप्प बसणं त्यांच्या पिंडातच नव्हतं. मग त्या बोलत सुटायच्या. मेंदूत तलफ कशी उठते, उंदरांना पिंजऱ्यात एकटं ठेवलं तर काय होतं आणि सोबत दिली तर काय, काल बाजारात बोंबील किती वाईट होते, तुम्हाला झोप कशी लागते, बायको काय म्हणते. माणसं गोळी सांभाळत माना डोलवायची. मॅडम त्या मानांवरून उत्तरं ताडायच्या आणि पुढचा प्रश्न विचारायच्या. गोळी विरघळेपर्यंत कामाची वेळ झालेली असायची. माणूस पाणी पिऊन, सलाम करून निघून जायचा. मॅडमना वाटायचं, छान गप्पा झाल्या.

कैलास घरत आमच्याकडे आला तो असाच. चिरनेरच्या अलीकडच्या एका गावचा. ट्रेलरवर ड्रायव्हर, उंचापुरा, गळ्यात जाड साखळी, अंगावर नुसती हाडं उरलेली. पावडरीपायी त्याची एक नोकरी गेली होती, दुसऱ्या मालकाने मेहुण्याच्या शब्दावर ठेवला होता. त्याने पहिल्याच दिवशी मॅडमना सांगितलं की ही शेवटची गाडी, ही गेली की आपण गेलो. मालकाकडून सुट्टी काढून तो रोज येऊ लागला आणि बघता बघता सुधारला. गालावर मांस आलं. बायको सुरेखा एकदा सोबत आली, तर मॅडमच्या पाया पडायला वाकली. मॅडमनी तिला अर्ध्यातच धरून विचारलं, आता तो घोरतो का? घोरतो म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला.

मग ठरल्याप्रमाणे कैलासला घरी न्यायला आठवड्याच्या गोळ्या मिळू लागल्या. आणि तिथून गाडी घसरली.

तो गोळ्या न्यायला यायचा ते नाक पुसत. जांभया, डोळ्यांत पाणी, मांड्या दाबत बसणं. मॅडमनी गोळी वाढवली, तरी फरक नाही. पट्टी केली तर आमच्या गोळीची रेघ उमटली नाही. पुढच्या खेपेलाही नाही. सिस्टर म्हणाल्या, मॅडम, हे तर उघड आहे. आम्हा सगळ्यांना ते उघडच वाटत होतं. समोर घेतो तेव्हा बरा, घरी दिली की अंगात गोळीच नाही, म्हणजे गोळी चालली बाजारात. समितीच्या अध्यक्षांचा फोन आला, नियमाप्रमाणे महिनाअखेर काढून टाका. शिवाय पहिल्याच काही पेशंटांत असा निघाला तर घरी गोळ्या देण्याचा प्रयोगच बंद करावा लागेल, असंही ते म्हणाले.

मॅडमनी कैलासला बोलावून सरळ विचारलं. तो उभाच राहिला, बसेना.

"मी इकत नाय, बाय. पोराशप्पत. तुमी गोली बंद केली तर मी परत तिकरंच जानार. मना ठाव हाय ना मी कसा हाय तो."

तो गेला, आणि मॅडम माझ्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं मन हेलावलं असेल, काहीतरी समजुतीचं बोलावं. पण त्यांच्या चेहऱ्यावर तो पिठाच्या गिरणीवरचा भाव होता. त्या म्हणाल्या, पट्टीवर पावडरही नाही, ते पाहिलंत का? गोळ्या विकणारा माणूस त्या पैशाची पावडर घेईल. हा गोळीही घेत नाही आणि पावडरही घेत नाही, नुसता कण्हतोय. मग विकून करतो काय? मी म्हणालो, मॅडम, माणसं काहीही करतात. त्यावर त्या म्हणाल्या, "काहीही करत नाहीत, फार्मसी. प्रत्येकजण काहीतरी एकच करतो. ते काय, ते मला माहीत नाही."

'मला माहीत नाही' हे त्यांच्या तोंडी आलं की माझ्या स्कूटरला पेट्रोल भरावं लागे.

चिरनेरकडे जाणाऱ्या त्या रस्त्याला पूर्वी भातशेती होती. आता दोन्ही बाजूंना कंटेनर एकावर एक रचलेले आणि ट्रेलर रांगेने उभे. कैलासचं घर स्लॅबचं, जमिनीच्या पैशातून बांधलेलं, पुढे गुळगुळीत फरशीचा ओटा, अंगणात पपईचं झाड. आम्हाला बघून सुरेखाचा चेहराच पडला, तिला वाटलं पोलीस मागून येतायत. मॅडमनी आधी चहा मागितला, मग पातळ कर म्हणून सांगितलं, मग कैलासला म्हणाल्या, आजची गोळी घेतलीस? नसेल तर घे. रोज जशी घेतोस, जिथे बसून घेतोस, तशीच. मी इथे नाही असं समज.

तो ओट्याच्या कडेला पाय सोडून बसला. गोळी काढली, जिभेखाली ठेवली आणि रस्त्याकडे बघू लागला. मॅडम त्याच्या शेजारी बसल्या आणि सवयीने बोलायला तोंड उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ते मिटलं. मला वाटतं, त्यांना पेशंटशेजारी गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कोंबड्या फिरत होत्या, दूर ट्रेलरचा हॉर्न वाजला. आणि कैलास जरासा पुढे वाकला आणि त्याने पपईच्या बुंध्याशी एक लांब पिचकारी टाकली. स्वच्छ, नेम धरून. थोड्या वेळाने दुसरी.

मॅडम ताडकन उठल्या. "कैलास, हे काय केलंस?"

"काय केला?"

"थुंकलास."

त्याला प्रश्नच कळला नव्हता. "मंग? त्या कडू पान्याचा काय करू? गिलू? तंबाखूचा रस कंदी कोन गिलतो काय, बाय?"

त्या ओट्यावर मग सगळा उलगडा झाला. कैलास कळत्या वयापासून तंबाखू खात होता. गावात सगळेच खातात. पहिल्यांदा चोरून खाल्ली तेव्हा रस गिळला, उचक्या लागल्या, ओकून ओकून आडवा झाला आणि वर बापाचा मार मिळाला. तेव्हापासून गालात, ओठात, जिभेखाली काही कडू ठेवलं की सुटलेलं पाणी बाहेर टाकायचं, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. आणि आमची गोळी त्या पाण्यातच तर विरघळते. बिचारा रोज इमानाने गोळी ठेवत होता आणि रोज इमानाने ती पपईला घालत होता. जेमतेम जी अंगाला लागत होती तेवढ्यावर तग धरून होता, पट्टीवर उमटण्याइतकीही नाही.

"मग केंद्रात का नाही थुंकलास?" मॅडमनी विचारलं.

"तिथं पाटी हाय ना. आनि ती सिस्टर." सिस्टर म्हणताना त्याने आवाज खाली आणला.

मॅडम हसायला लागल्या. ओट्यावर बसून, ओढणीने डोळे पुसत त्या इतक्या हसल्या की आतून सुरेखा बाहेर आली. तिला काही समजेना, पण पोलीस येत नाहीत एवढं कळलं आणि तीही हसली. कैलास तेवढा हसला नाही. तो विचारत होता, मंग मी जे दुखनं काढला त्या सगला फुकट? मॅडमचं हसणं तिथे थांबलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हो म्हणाल्या. त्या माणसाने आठवडेच्या आठवडे अंग मोडत, विव्हळत, पावडरीला हात न लावता काढले होते. मला त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना.

परत येताना मॅडम स्कूटरवर एक अक्षर बोलल्या नाहीत. पळस्प्याला सिग्नलवर थांबलो तेव्हा मागून आवाज आला. "फार्मसी, मी त्याच्याशी रोज बोलत होते. त्याचं तोंड बंद असताना."

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. अध्यक्षांना ही सबब वाटली. मॅडम म्हणाल्या, सबब असेल तर तपासून बघू. कैलासने पुढचे काही दिवस घरीच, न थुंकता गोळी घ्यावी आणि मग पट्टी करावी. समितीने मुदत दिली ती उपकार केल्यासारखी. सुरेखा रोज ओट्यावर त्याच्यासमोर बसायची. कैलासने नंतर सांगितलं की पावडर सोडणं परवडलं, पण ते पाणी तोंडात धरणं नको. तंबाखू त्याने सोडली नाही, पण गोळीच्या आधी चूळ भरून तोंड साफ करू लागला. पट्टीवर रेघ उमटली ती माझ्या खिडकीतून दिसण्याइतकी ठळक. सिस्टर डिसूझांनी ती पट्टी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि कैलाससाठी स्वतः जाऊन चहा सांगितला. सिस्टरनी कुणाला चहा सांगितल्याची माझ्या आठवणीतली ती एकमेव घटना.

मॅडमनी घरी गोळ्या नेणाऱ्या प्रत्येकाला मग एकच विचारलं, तोंडातलं पाणी कुठे टाकता? तंबाखूवाल्यांतले बरेच थुंकत होते. कुणी खिडकीतून, कुणी मोरीत, एकजण शिस्तीने तेवढ्यासाठी डबा ठेवून. काहींच्या अंगाला पुरेशी लागत होती म्हणून ते पट्टीत सापडले नव्हते एवढंच. घरी गोळ्या देण्याचा प्रयोग वाचला. पण अहवाल लिहिताना मॅडम हट्टाला पेटल्या की रोज केंद्रात येणाऱ्यांच्या यशात भिंतीवरच्या त्या पाटीचा वाटा आहे आणि तसं लिहिलं पाहिजे. अध्यक्ष म्हणाले, शास्त्रीय लेखात 'थुंकू नये'ची पाटी कशी घालायची? त्या दिवशी मात्र आम्हाला भरपूर उर्दू ऐकायला मिळालं. शेवटी अहवालातून पाटी गेली, तंबाखू राहिली. मॅडम बरेच दिवस धुसफुसत होत्या.

त्यांच्यात पडलेला फरक आम्हाला सोसायला जड गेला. त्या बाकावर तशाच येऊन बसायच्या, पण गप्प. गोळी विरघळेपर्यंत चकार शब्द नाही. माणूस पाणी प्यायला की मग हळूच विचारायच्या, "हं, आता सांग." आणि सांगून होईपर्यंत उठायच्या नाहीत. माणसांना कामावर उशीर व्हायला लागला, पण ती बोलायला लागली. सिस्टरना ही शांतता इतकी असह्य झाली की त्यांनी घरून रेडिओ आणून लावला.

कैलास पुढे दोन वर्षांहून जास्त येत राहिला. गाडी टिकली, मालकाने नवा ट्रेलर त्याच्या हातात दिला. मग आमच्या प्रकल्पाची मुदत संपली. पेशंट सरकारी केंद्राकडे सोपवायचे ठरले, मॅडमचं वयही झालं होतं. त्या मुलीकडे हैदराबादला जाणार होत्या. शेवटच्या दिवशी मी कपाटं रिकामी करत होतो, मॅडम बाकावर बसून कुणी आलंच तर म्हणून वाट बघत होत्या. कैलासची पाळी त्या दिवशी नव्हती, तरी दुपारी तो आला. मला वाटलं निरोप घ्यायला आला. हातात पेढ्यांची पुडी वगैरे काही नव्हतं. त्याने गोळी मागितली नाही, पट्टीसाठी बाटलीही घेतली नाही. मॅडमच्या समोर उभा राहिला.

"बाय, मी घेतली. पावडर. गुजरातला गाडी घेऊन गेलतो तवा, ढाब्यावर. एकदाच."

मॅडमनी विचारलं, कधी? त्याने सांगितलं. पुष्कळ दिवस होऊन गेले होते. मधल्या काळात त्याची पट्टीही झाली होती आणि ती स्वच्छ आली होती, माझ्यासमोरच. मॅडमना ते आठवलं असणार, कारण त्या काही बोलायच्या आत तोच म्हणाला.

"मना ठाव हाय, आता ती पट्टीत दिसनार नाय. म्हनून सांगाया आलो."

याच माणसाने खरं सांगितलं होतं तेव्हा आम्ही पट्टीवर विश्वास ठेवला होता. आज तीच पट्टी त्याच्या बाजूने होती, आणि तो तिला खोटं पाडायला चिरनेरकडून आला होता.

मॅडम काहीतरी विचारतील म्हणून मी वाट पाहिली. ढाब्यावर कोण होतं, चव कशी लागली, दुसऱ्या दिवशी का नाही घेतली, असे दहा प्रश्न त्यांच्यापाशी असायला हवे होते. त्यांनी चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत घातला. मग बाकावर थोडं सरकून त्यांनी त्याच्यासाठी जागा केली. कैलास बसला. मी कपाटाचं दार आवाज न करता लावलं आणि बाहेर गल्लीत येऊन उभा राहिलो. खिडकीतून दोघांच्या पाठी दिसत होत्या, आणि मॅडम त्याला काहीही विचारत नव्हत्या.